नातवंडं सांभाळायची कुणी?

साठी उलटलेली बाई साताऱ्याहून उठून न्यू जर्सीला किंवा डॅलसला जाते आणि सहा महिने, सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, तान्हं बाळ सांभाळते, तेव्हा ती काम करत असते. प्रेमानं केलं, हौसेनं केलं, रक्ताच्या माणसासाठी केलं, तरी ते कामच. नातवंडं म्हणजे दुधावरची साय, हे मला कुणी सांगायला नको. पण त्या सायीचं कौतुक करता करता आपण बाकीचं काही विचारतच नाही. तिला जायचं होतं का? तिच्या तब्येतीला झेपणार आहे का? तिच्या माघारी इथं कुणाचं अडतंय? आणि परदेशात नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्याचं मूल सांभाळायची जबाबदारी मुळात कुणाची? त्या जोडप्याची, त्यांना कामावर ठेवणाऱ्या कंपनीची, तिथल्या सरकारची, की शाहूपुरीतल्या आजीची?

शाहूपुरी, गोडोली, सदरबझार, विसावा नाका, कुठल्याही कॉलनीत जा. एखादं तरी घर असं निघतंच की त्याची किल्ली शेजाऱ्यांकडं आणि माणसं मुलाकडं. आधीचे सहा महिने आपण, पुढचे सहा महिने व्याही, असं वेळापत्रक दोन्ही घरांनी मिळून आखलेलं असतं. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर गेलेल्या माणसाला साधारणपणे एका वेळी सहा महिने राहू देतात, म्हणून आजीचा मुक्काम सहा महिन्यांचा. बाळाची गरज काही सहा महिन्यांत संपत नाही, म्हणून मग दुसरी आजी. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला निघताना ओळखीपाळखीतले बजावतात, "नातवाला सांभाळायला चाललेय असं म्हणू नका हं काकू, मुलाला भेटायला, फिरायला म्हणा." जन्मभर वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवलेल्या बाईला साठीनंतर हे वाक्य पाठ करावं लागतं. मला हा तिचा अपमान वाटतो.

आता हे सगळं का होतं ते पाहू. अमेरिकेत बाळंतपणाची पगारी रजा देणारा, साऱ्या देशाला लागू असलेला कायदा नाही. १९९३ च्या कायद्यानं मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी आणि वर्षभर नोकरी झालेल्यांनाच. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्कसारख्या काही राज्यांनी आपापल्या योजना केल्या आहेत, मोठ्या कंपन्या आपणहून काही आठवडे देतात. पण ज्याचा व्हिसाच नोकरीला बांधलेला आहे, तो ही रजाही भीत भीत घेतो. एच वन बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला त्याला साधारण ६० दिवस मिळतात. बाळ दोन महिन्यांचं, घराचा करार वर्षाचा, आणि डोक्यावर ही तलवार. असा मुलगा साहेबाकडं जाऊन "मला आणखी महिनाभर घरी राहायचंय" असं म्हणत नाही. तो आईला फोन करतो.

आपल्याकडं २०१७ च्या दुरुस्तीनंतर संघटित क्षेत्रातल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पोवई नाक्यावरच्या बँकेत बसणाऱ्या मुलीला जो हक्क कायद्यानं मिळतो, तो सिलिकॉन व्हॅलीत बसणाऱ्या तिच्या मैत्रिणीला साऱ्या देशासाठी म्हणून कुठल्या कायद्यानं मिळत नाही. एवढ्या श्रीमंत देशानं हे भगदाड उघडं ठेवलंय, आणि ते बुजवायला आपण आपल्या आया पाठवतोय.

मी अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळं मला या गोष्टीत साताऱ्याचाच जुना इतिहास दिसतो. जावळी, पाटण, खटाव, माण या तालुक्यांतून कित्येक पिढ्या माणूस मुंबईला जात आला. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बाजारात माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहायला. मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावांतून घरोघरचे लोक फौजेत गेले. बाप तिकडं, आणि बायको-पोरं गावाकडं सासूच्या हाताखाली. महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर आणायचा, त्यावर वाण्याची उधारी फिटायची. आपण त्या मनीऑर्डरीचं कौतुक करतो, गाव तिच्यावर जगलं म्हणतो. मी वर्गात मुलांना उलट बाजूनं विचारायची: गाव गिरणीवर जगलं की गिरणी गावावर? कामगाराला बायको-मुलांसह राहता येईल अशी खोली, मुलांचं दूध, शाळा, आजारपण, एवढं भागेल इतका पगार मालकाला द्यावा लागत नव्हता. मुलं गावची कोरडवाहू दोन एकर जमीन आणि गावातली आई वाढवत होती. कामगार आजारी पडला की गावाला, म्हातारा झाला की गावाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या तेव्हा परतलेल्या माणसांनाही याच घरांनी सामावून घेतलं. कापड मुंबईत विकलं गेलं, पण ते विणणाऱ्या हातांना वाढवण्याचा खर्च जावळीच्या डोंगरात झाला. तो कुठल्याही ताळेबंदात आला नाही.

आज कंपनी कॅलिफोर्नियातली आहे, पगार डॉलरमध्ये आहे, आणि मुलाला गावाकडं ठेवण्याऐवजी आजीलाच विमानात बसवलं जातं. गणित मात्र तेच. कंपनीला पूर्णवेळ काम करणारे दोन हुशार इंजिनिअर मिळतात आणि त्यांच्या बाळाचा सांभाळ साताऱ्याच्या खात्यात पडतो. मुंबईला गेलेल्या माणसाकडं दुसरा मार्ग नव्हता, हे मी समजू शकते. आजच्या पिढीकडं तो काही अंशी तरी आहे, म्हणून मला बोलावंसं वाटतं.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, एसटीनं आणि पुढं लुनावर गावं पालथी घातलेल्या. त्या नोव्हेंबरात न्यू जर्सीला मुलाकडं गेल्या. त्या दिवसांत तिथं साडेचार-पाचलाच अंधार पडतो. मुलगा-सून कामावर गेले की दार लागायचं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली नुसत्या गाड्या उभ्या, पायी जाण्यासारखं एक दुकान नाही. फोडणी टाकली की छताला लावलेला धुराचा गजर कर्कश वाजायचा आणि बाळ दचकून उठायचं. म्हणून त्यांनी दिवसा फोडणी टाकायचीच सोडली. सून आल्यावर खिडकी उघडून, हातात टॉवेल घेऊन गजराखाली वारा घालत, दोन वेळच्या भाज्या एकदम फोडणीला पडायच्या. बाळ झोपलं की बाटल्या उकळायच्या, कणीक मळायची, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. साताऱ्यात दुपारी तासभर पाठ टेकायची सवय, ती तिथं मोडली. फोन करावा तर त्यांची दुपार म्हणजे इथली रात्र. आठवडाभर थकलेली पोरं शनिवारी म्हणायची, "आई, बाळाकडं बघता का जरा, आम्ही पटकन सामान घेऊन येतो." म्हणजे शनिवारही गेला. त्या घरात कुणीही वाईट नव्हतं. मुलगा मायाळू, सून "अहो आई, तुम्ही बसा हो जरा" असं मनापासून म्हणणारी. पण बसायचं कधी, ते कुणालाच ठरवता येत नव्हतं, कारण माणसं तीन होती आणि काम चार माणसांचं होतं. परत आल्यावर वर्षभरात गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. गुडघे आधीच कुरकुरत होते, सगळा दोष त्या सहा महिन्यांना मी देणार नाही. पण दुखणं अंगावर काढलं ते तिथं. डॉक्टरकडं का गेला नाहीत विचारलं, तर म्हणाल्या, "इन्शुरन्समध्ये जुनं दुखणं बसत नव्हतं, मुलाला कशाला खर्चात घालायचं?"

हा इन्शुरन्सचा मुद्दा बारीक वाटतो, पण तो आहे मोठा. पाहुण्यांसाठी घेतलेल्या बहुतेक विम्यात आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांचा खर्च एक तर धरतच नाहीत किंवा अगदी मोजक्या अटींवर धरतात. साठीच्या माणसाचं दुखणं नेमकं हेच असतं. म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या चिठ्ठीसकट बॅगेत भरून न्यायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं. कॅनडानं आजी-आजोबांसाठी खास व्हिसा काढलाय. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख डॉलरचा खाजगी आरोग्य विमा आधी दाखवावा लागतो. आजीनं यावं, पाच वर्षं राहावं, आणि तिच्या दुखण्याचा भार मात्र आमच्यावर नको. त्या देशाच्या दृष्टीनं हा रोखठोक व्यवहार आहे. मग आपणही तो तितक्याच डोळसपणे का बघू नये?

यातली सर्वांत न बोलली जाणारी गोष्ट तर इथं, घरातच असते. आज साठीच्या असलेल्या आज्यांपैकी कित्येकींची सासू किंवा आई अजून आहे. पंचाऐंशीची, कोरेगाव-रहिमतपूरकडच्या एखाद्या गावात किंवा साताऱ्यातच मागच्या खोलीत. तिला आंघोळीला हात लागतो, रात्री उठवावं लागतं, तिच्या गोळ्या कुणीतरी काढून द्याव्या लागतात. सून अमेरिकेला गेली की तिला धाकट्या मुलाकडं, लेकीकडं, भाचीकडं फिरवलं जातं. एका बाळाची सोय करताना एका म्हातारीची गैरसोय होते आणि ती बोलू शकत नाही. बाळ सांभाळणारी आणि म्हातारी सांभाळणारी बाई एकच आहे, तिला दोन खंडांत एका वेळी असता येत नाही, एवढी साधी गोष्ट फोनवर तिकिटाच्या तारखा ठरवताना कुणी मांडत नाही. आजोबांचीही अडचण असते. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो, त्यामुळं तेवढं तरी सुटलंय. म्हातारीचा प्रश्न मोबाईलवर सुटत नाही.

आता एक वेगळी कुचंबणा. आजीला बोलावतात ते तिला बाळंतपणातलं कळतं म्हणून, आणि तिथं गेल्यावर तिचं कळणं पदोपदी खोडलं जातं. बॅगेत ती डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, बाळघुटीची पुडी घेऊन जाते. शेक-शेगडीचा प्रश्नच नाही, तो गजर मघाशी सांगितलाच. घुटीतलं वेखंड अन्नात वापरायला अमेरिकेत बंदी आहे. मधाचं बोट चाटवायचं तर वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यातून बोटुलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं म्हणून तेही नको. बाळ कुशीत घेऊन झोपायचं नाही, आपल्याच खोलीत पण वेगळ्या पाळण्यात, पाठीवर, उशी-गोधडीशिवाय निजवायचं. अमेरिकेत १९९४ पासून बाळाला पाठीवर निजवण्याची मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुष्कळ कमी झाली, हे खरं आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि साताऱ्यातले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. या सगळ्यात डॉक्टर बरोबर आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आजीनं हे शिकून घ्यावं, रुसू नये. पण मग उरतं काय? मालिश, अंगाई, आईला वेळेवर गरम जेवण आणि घरात एका शहाण्या माणसाचा आधार. हे फार मोलाचं आहे आणि पहिल्या चाळीस दिवसांत त्याला तोड नाही. लेकीच्या बाळंतपणाला आईनं जावं, सव्वा महिना, दोन महिने राहावं, यावर माझं काहीच म्हणणं नाही. मी स्वतः गेले असते आणि गेलेही. माझा आक्षेप आहे तो त्या पुढच्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या पाळ्यांना.

याला उत्तर म्हणून दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिली भाषेची. आजी असली की मूल मराठी बोलतं. थोडं खरं आहे. पण सहा महिन्यांनी बदलणाऱ्या आजीपेक्षा रोज रात्री झोपवणारा बाप त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतो, यावर मराठी जास्त टिकते. पुष्कळ घरांत आजी मराठीत बोलते आणि आई-बाप इंग्रजीत, कारण "शाळेत मागं पडेल, दोन भाषांनी गोंधळेल." हा समज चुकीचा आहे. दोन भाषा एकदम कानावर पडल्यानं मुलाचं बोलणं खुंटत नाही, भाषातज्ज्ञांनी हे वारंवार सांगितलंय. शिवाय परदेशात मराठी माणूस एकटा नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकारानं गावोगावी मराठी शाळा भरतात, तिथं आई-बापच आठवडी सुटीत फुकट शिकवतात. मुलाच्या तोंडी मराठी हवी असेल तर ते काम आई-बापांनी उचलावं. आजी सुटीत येऊन गोष्ट सांगेल, पत्ते खेळेल, तिचं मराठी मुलाला लागेलच.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती मात्र खरी अडचण आहे. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत तान्ह्या बाळाच्या पाळणाघराचा खर्च घरभाड्याच्या आसपास जातो. नुकतंच शिक्षण संपवलेलं, कर्ज डोक्यावर असलेलं जोडपं तो कसा पेलणार? अशा घरात आजीला बोलावणं ही निकड आहे, आणि निकडीला मी नावं ठेवणार नाही. पण आपल्या ओळखीतली सगळीच घरं अशी नसतात. मोठं घर घेतलेलं असतं, दुसरी गाडी घेतलेली असते, उन्हाळ्यात युरोप होतं, आणि पाळणाघर तेवढं परवडत नाही. तिथं अडसर पैशाचा नसतो. परक्या बाईच्या हातात बाळ द्यायचं म्हणजे आपण कमी पडलो, ही टोचणी असते, आणि ती टोचणी इथून, साताऱ्यातून जाते. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका विचारतात, "काय हो, एवढ्याशा लेकराला पाळणाघरात टाकलं? तुम्ही असताना?" या "टाकलं" मध्ये आईलाही मार बसतो आणि आजीलाही.

पाळणाघर ही परक्यांची रीत आहे असं समजणं हा आपल्याच माणसांवरचा अन्याय आहे. लहान मुलाला घराबाहेर, त्याच्या वयाच्या मुलांत, शिकलेल्या आणि मायाळू बाईच्या हाताखाली वाढू द्यावं, हे ताराबाई मोडकांनी शंभर वर्षांपूर्वी सांगायला सुरुवात केली. १९२६ मध्ये त्यांनी गुजरातेतले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या बरोबरीनं नूतन बालशिक्षण संघ उभा केला, १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला जाऊन पाड्यांवरच्या अंगणात मुलं गोळा केली. पुढं देशभर अंगणवाडी पोचली तिचं मूळ तिथं आहे. आणि सातारा तर आपली मुलं दुसऱ्यांच्या हाती विश्वासानं द्यायला केव्हाच शिकलाय. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी इथं वसतिगृह काढलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. खेड्यापाड्यांतल्या आयांनी सगळ्या जातींच्या मुलांबरोबर आपली मुलं तिथं ठेवली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून त्यांना जेवू घातलं. ती मुलं तान्ही नव्हती, हे मान्य. तरी विश्वास तोच: आपल्या मुलाला आपल्या रक्ताबाहेरचं माणूसही नीट वाढवू शकतं.

माझी मुलगी म्युनिकला असते. जर्मनीत २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात म्युनिकसारख्या शहरात जागा मिळवताना पालकांच्या नाकी नऊ येतात, तेव्हा सगळं आलबेल आहे असं नाही. पण जागा मिळाल्यावर काय करतात ते सांगण्यासारखं आहे. मूल पहिल्या दिवशी सोडून निघून यायचं नसतं. आई किंवा बाप पहिले काही दिवस त्याच खोलीत बसतो. आमचे जावई बसले. कोपऱ्यात लहान मुलांची बुटकी खुर्ची, गुडघे छातीला टेकलेले. नात ठोकळ्यांकडं जायची, मागं वळून बाप आहे ना बघायची, परत जायची. मग एक दिवस बाई त्यांना म्हणाली, दहा मिनिटं बाहेर जाऊन या. नंतर अर्धा तास. रडली तर लगेच बोलावून घ्यायचे. दोन-तीन आठवडे हा क्रम चालला, आणि मूल त्या बाईच्या कडेवर स्वतःहून जायला लागलं तेव्हाच बापाची सुटका झाली. मी गेले तेव्हा एकदा दुपारी तिला आणायला गेले होते. नात गादीवर पाच-सहा पोरांच्या मधे गाढ झोपलेली. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले, उठवलं नाही. मला त्या ठिकाणी काळजी वाटली नाही, एवढंच सांगते.

जावयांनी यासाठी रजा घेतली होती. जर्मनीत आई-बापांना मिळून १४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो, पण तो पूर्ण हवा असेल तर दोघांपैकी प्रत्येकानं किमान दोन महिने घ्यावे लागतात. मिळकतीच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. नोकरी सुरक्षित राहते. माझ्या विहीणबाई कराडच्या. मुलगा घरी बसून बाटल्या धुतो, नॅपी बदलतो, हे त्यांनी आपल्याकडं पुष्कळ दिवस कुणाला कळू दिलं नाही. त्याचं काम सध्या घरून चालतं, असं सांगायच्या. मी त्यांना म्हटलं, अहो, अभिमानानं सांगा. तुमच्या मुलानं रजा घेतली म्हणून तुमचे गुडघे वाचले आणि माझी कंबर वाचली. परदेशात राहणाऱ्या आपल्या पोरांना मला हेच कळकळीनं सांगायचंय. ज्या देशात बापाला रजा आहे तिथं ती एकही दिवस न सोडता घ्या. अमेरिकेत कंपनीची रजा असेल ती घ्या. नोकरी निवडताना पगारासोबत ही रजा विचारा. लेकीचे बाप हुंड्याचं विचारत नाहीत हे चांगलं झालं, आता जावई बाळासाठी किती आठवडे घरी राहील हे विचारायला हरकत नाही. बाप घरी न राहता आजी येते तेव्हा मुलाचा बाप नुसता कमावता उरतो, आणि मूल हातात कसं धरायचं हेच त्याला कळेनासं होतं.

आजीच्या वेळेला किंमत असू शकते, हे जगात कुणी मानलंच नाही असंही नाही. स्वीडनमध्ये एका मुलामागं ४८० दिवसांची पगारी रजा आहे. जुलै २०२४ पासून त्यातले ४५ दिवसांपर्यंत आई किंवा बाप दुसऱ्या कुणाला, म्हणजे तिथल्या आजी-आजोबांनाही, देऊ शकतात. भत्त्यासकट. आजी नातवाला सांभाळते तेव्हा सरकार तिला पैसे देतं. यात मायेला कुठं बट्टा लागला? उलट आपल्याकडं मायेचं नाव घेतलं की पैसे बुडवता येतात, हे अंगणवाडीच्या बायकांना विचारा. त्यांच्या कामाला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. ग्रॅच्युइटी त्यांना लागू आहे हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या त्या याच हिशेबासाठी. ज्यांना आपण गावात मोल देत नाही, त्यांचंच काम आजी विमानानं जाऊन करते. म्हणून तिचंही मोल दिसत नाही.

काही आज्यांना खरंच जायचं असतं. घरी एकट्या पडलेल्या, नातवाच्या वाढदिवसाला कॅमेऱ्यातून टाळ्या वाजवून कंटाळलेल्या. त्यांना कुणी अडवू नये. फक्त त्यांना विचारा, आणि "नाही" म्हणायची खरी मोकळीक ठेवून विचारा. तिकीट काढून मग "आई, तुझं तिकीट काढलंय" हे विचारणं होत नाही. आजीनंही आधी बोलावं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण माझा. दुपारची झोप मोडणार नाही. रात्रीचं उठणं तुमचं. जुन्या दुखण्यालाही चालेल असा विमा, नसेल तर डॉक्टरचा खर्च तुम्ही सोसायचा, मी दुखणं लपवणार नाही. परतीची तारीख पक्की.

आणि मुलांनी एक हिशेब आणखी करायचा. आई तिकडं असेतोवर इथं मागच्या खोलीतल्या आजीपाशी कोण राहणार? साताऱ्यात दिवसभरासाठी, रात्रीसाठी माणूस मिळतं, घरी येणारी नर्स मिळते, पैसे मोजावे लागतात. त्या सहा महिन्यांचे पैसे मुलानं महिन्याच्या महिन्याला पाठवायचे, काकांवर आणि आत्यावर सोडायचं नाही. ते माणूस ठरलं, म्हातारीला ते पटलं, की मग आईच्या तिकिटाचं बोलायचं.